ऐपत नसलेल्या घरची ईदुल अजहा

जिलहिज्जचा चंद्र दिसला, की मोहल्ल्यामोहल्ल्यांत बोकडांच्या किमतींची चर्चा सुरू होते. कोणी किती हजारांचा आणला, कोणाचा किती किलोंचा आहे, कोणाच्या दारात एक आणि कोणाच्या दारात तीन बांधले आहेत, हे मुलांच्याही तोंडी असते. वाचक बंधू-भगिनींनो, आज आपण या चर्चेपासून थोडे दूर, मराठवाड्यातील एखाद्या कोरडवाहू गावाकडे जाऊ या.

गावाच्या कडेला पत्र्याचे एक घर आहे, असे समजा. घरात पती-पत्नी, तीन मुले आणि वृद्ध आई. पती दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर जातो, पत्नी खुरपणीला जाते. दारात एक दुभती शेळी बांधलेली आहे. तिचा बोकड या ईदेला कुर्बान करायचा, असे मुलांना वर्षभर सांगितलेले होते. परंतु दोन महिन्यांपूर्वी आईचे दुखणे उद्भवले आणि बोकड व्यापाऱ्याला द्यावा लागला. आता ईदेला आठ दिवस उरले आहेत. धाकटा मुलगा रोज विचारतो, "अब्बा, आपला बकरा कधी येणार?" शेजारच्या घरी बोकड आला आहे. पत्नीच्या माहेरचे लोक ईदेला येणार आहेत. पतीपुढे दोन वाटा दिसतात. एक तर सावकाराकडून पैसे उचलायचे, नाही तर दारातली शेळी विकून किंवा तिचीच कुर्बानी करून लाज राखायची.

असे घर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. काहींनी त्यात बालपण काढलेले आहे. या घराला आपला धर्म काय सांगतो, आणि या घराबाबत आपल्याला काय सांगतो, हा आजचा विषय आहे.

कुर्बानी कोणावर?

प्रथम मूळ मसअला समजून घेऊ. हनफी फिकहनुसार कुर्बानी वाजिब आहे, परंतु ती साहिबे-निसाब व्यक्तीवर. प्रौढ, समंजस, प्रवासात नसलेल्या मुस्लिमाकडे ईदेच्या दिवसांत मूलभूत गरजा भागवून आणि देणी वजा करून साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी संपत्ती शिल्लक असेल, तर तो साहिबे-निसाब ठरतो. राहते घर, वापरातले कपडे, धंद्याची अवजारे या मूलभूत गरजा आहेत. त्यांची किंमत धरली जात नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मसलकाचे आहेत. त्यांच्याकडे कुर्बानी सुन्नते-मुअक्कदा आहे आणि घरातील एकाने केली तरी सर्व घराकडून ती सुन्नत अदा होते. दोन्हीकडे पाया एकच आहे, तो म्हणजे ऐपत.

ज्याला ऐपत असूनही जो कुर्बानी करीत नाही, त्याने आमच्या ईदगाहजवळ येऊ नये, या आशयाची एक कडक ताकीद इब्ने माजा यांच्या संग्रहात आलेली आहे. गावोगावी ती गरिबांना ऐकवली जाते आणि तिच्यातील 'ऐपत असूनही' ही अट मात्र विसरली जाते. ही ताकीद सधन कंजूषासाठी आहे. आईच्या औषधासाठी बोकड विकणाऱ्याला तिचा धाक दाखवणे, हा त्या हदीसवरही अन्याय आहे. पवित्र कुरआनात सूरह तलाकच्या सातव्या आयतीत जो नियम घालून दिला आहे, त्याचा आशय असा, की संपन्न माणसाने आपल्या संपन्नतेनुसार खर्च करावा आणि ज्याची रोजी तंग आहे त्याने अल्लाहने दिले त्यातूनच. दिले त्याहून अधिक भार अल्लाह कोणावर टाकीत नाही. ही आयत घटस्फोटित मातेच्या व मुलाच्या खर्चासंबंधी आलेली असली, तरी तिच्यातील तत्त्व शरीअतच्या प्रत्येक आर्थिक कर्तव्यात दिसते.

येथे एक शंका उभी राहील. त्या घराने बोकड कुर्बानीसाठी योजला होता. मग तो विकणे गुन्हा ठरले काय? हनफी फुकहांनी याचे उत्तर दिलेले आहे. घरी जन्मलेले किंवा आधीपासून मालकीचे जनावर केवळ मनात योजल्याने कुर्बानीसाठी बांधील होत नाही. अल्लाहसाठी ते कुर्बान करीन, असा नवस स्पष्ट शब्दांत बोलला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आलिमांना विचारून घ्यावे. मुलांना सांगून ठेवलेला बेत म्हणजे नवस नव्हे. आईचा इलाज हे त्या पैशांचे योग्यच ठिकाण होते.

याच संदर्भात दुसरा मसअला गरिबाने लक्षात ठेवावा. जो साहिबे-निसाब नाही, त्याने कुर्बानीच्या नियतीने जनावर विकत घेतले, की त्या जनावराची कुर्बानी हनफी मतानुसार त्याच्यावर वाजिब होते. म्हणजे जे त्याच्यावर नव्हते, ते त्याने स्वतःच ओढवून घेतले. म्हणून लोकलाजेपोटी घाईने बाजार गाठण्यापूर्वी चारदा विचार करावा.

दारातल्या शेळीचा प्रश्न

आता दारातल्या शेळीकडे वळू. आश्चर्य असे, की नेमका हाच प्रश्न प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे आलेला होता.

अरबांमध्ये एक चांगली चाल होती. ज्याच्याकडे जनावरे असत, तो एखादी दुभती शेळी किंवा सांडणी गरजू घराला दुधासाठी वापरायला देई. तिला मनीहा म्हणत. दूध त्या घराने प्यायचे, जनावर मूळ मालकाचे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची रिवायत अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांत आहे. प्रेषितांनी (स.) ईदुल अजहाच्या दिवसाचे महत्त्व सांगितले, तेव्हा एका माणसाने विचारले, की माझ्याजवळ दुधासाठी मिळालेल्या एका शेळीशिवाय काही नाही, तिची कुर्बानी करू काय? प्रेषितांनी (स.) नाही म्हटले. आणि त्याला सांगितले, की तू आपले केस व नखे काप, मिशा बारीक कर, शरीराची स्वच्छता कर. अल्लाहपाशी तीच तुझी पूर्ण कुर्बानी आहे. या रिवायतीच्या सनदीवर काही मुहद्दिसांनी चर्चा केलेली आहे. परंतु असमर्थावर कुर्बानीचा भार नाही, हा तिचा आशय वर पाहिलेल्या नियमांशी पूर्णपणे जुळतो.

या उत्तरावर थोडे थांबून विचार करा. ज्या शेळीच्या दुधावर एका घराची मुले जगतात, ती कापून ईद साजरी व्हावी, हे शरीअतला अपेक्षित नाही. आपल्या गावाकडच्या घरात तर शेळी स्वतःच्या मालकीची असते. तरीही तिचे काम तेच आहे. सकाळच्या चहाला तिचे दूध, धाकट्या मुलाच्या वाटीला तिचे दूध, आणि अडीनडीला विकायला तिचे करडू. ती गेली, तर ईदेचा एक दिवस निभावेल आणि पुढचे वर्ष कोरडे जाईल. ज्या माणसाची अडचण अशी आहे, त्याला प्रेषितांनी (स.) अपूर्ण कुर्बानी सांगून समजावले नाही. पूर्ण कुर्बानी, असा शब्द रिवायतीत आहे.

याहून मोठा दिलासा दुसऱ्या एका रिवायतीत आहे. हजरत जाबिर (रजि.) सांगतात, की ईदगाहवर खुतबा संपल्यावर प्रेषितांनी (स.) एक मेंढा जिब्ह केला, आणि तो स्वतःकडून व आपल्या उम्मतमधील ज्यांनी कुर्बानी केली नाही त्यांच्याकडून असल्याचे सांगितले. अबू दाऊद व तिर्मिजी यांनी ही रिवायत घेतली आहे. त्या पत्र्याच्या घराची आठवण, असे म्हणता येईल, मदीनेच्या ईदगाहवर चौदाशे वर्षांपूर्वीच काढली गेली होती.

कर्जाचा बोकड

दुसरी वाट सावकाराची. तिचा हिशेब साधा आहे. समजा, पंधरा हजारांचा बोकड आणला आणि पैसे शेकडा पाच रुपये महिना व्याजाने घेतले. महिन्याला साडेसातशे रुपये केवळ व्याज. पुढच्या ईदेपर्यंत नऊ हजार व्याजात गेले आणि पंधरा हजारांची मुद्दल तशीच उभी राहिली. चारशे रुपये रोज मिळवणाऱ्याची ती बावीस-तेवीस दिवसांची मजुरी झाली, आणि बोकड तर तीन दिवसांत संपून गेला. गट किंवा कंपनीचे साप्ताहिक हप्ते असोत, अथवा ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल असो, शेवटी तो भार बायकोच्या आणि मुलांच्या पाठीवरच पडतो.

हिशेबापेक्षाही गंभीर गोष्ट धर्माची आहे. व्याजाबद्दल सूरह बकराच्या २७८ व २७९ या आयतींत जी ताकीद आहे, ती इतर क्वचितच एखाद्या गुन्ह्याबद्दल असेल. तेथे अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताकडून युद्धाची सूचना दिलेली आहे. जी कुर्बानी आपल्यावर मुळात वाजिबच नाही, तिच्यासाठी निःसंशय हराम असलेल्या व्यवहारात उतरणे, याला कोणती नेकी म्हणायची? बिनव्याजी उसन्याची गोष्ट निराळी. ज्याला पुढच्या महिन्यात पैसे येण्याची खात्री आहे, त्याने उसने घेऊन कुर्बानी केली, तर ती जाइज आहे. पण फेडीची सोय दिसत नसेल, तर तेही टाळावे. प्रेषित (स.) नमाजमध्ये गुनाहापासून आणि कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत, असे बुखारीत आहे. शहिदाचे सर्व गुनाह माफ होतात, कर्ज तेवढे उरते, असेही मुस्लिमच्या रिवायतीत आलेले आहे.

ही लाज कोठून आली?

वाचकहो, त्या घराला सावकाराच्या दाराशी नेणारी गोष्ट शरीअत नाही, हे आता स्पष्ट झाले. मग ती कोणती? हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांना कोणी विचारले, की प्रेषितांच्या (स.) काळी कुर्बानी कशी होत असे? त्यांच्या उत्तराचा सारांश तिर्मिजी व इब्ने माजा यांच्याकडे असा आहे: माणूस स्वतःकडून आणि घरच्यांकडून एक बकरी कुर्बान करी, ती स्वतः खात आणि इतरांना खाऊ घालीत, पुढे लोक एकमेकांवर फुशारकी मारू लागले आणि आज पाहता ती अवस्था आली. सहाबींच्या हयातीतच ज्या दोषाकडे बोट दाखवले गेले, तो आज मोबाइलवरील छायाचित्रांतून घरोघर पोहोचला आहे.

याच्या उलट हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांचे वागणे पाहा. लोक कुर्बानीला सर्वांवरचे बंधन समजू लागतील, या काळजीने हे दोघे कधीकधी कुर्बानी करीत नसत, अशी रिवायत बैहकी यांनी दिली आहे. हनफी आलिम या रिवायतीचा अर्थ वेगळ्या प्रकारे लावतात आणि ऐपतदारावर कुर्बानी वाजिबच मानतात, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. पण तिच्यातील काळजी कोणाची होती, हे प्रत्येकाला कळते. जो करू शकत नाही, त्याच्यावर समाजाचे दडपण येऊ नये, ही ती काळजी होती. आपल्यापैकी किती सधन माणसे बोकड दारात बांधताना शेजारच्या घराचा असा विचार करतात?

परिस्थितीनेही गरिबाची वाट अरुंद केली आहे. मोठ्या जनावरात सात जणांना सहभागी होता येते, म्हणून अल्प उत्पन्नाची घरे एक हिस्सा घेऊन कुर्बानी अदा करीत असत. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. मार्च २०१५ पासून ती वळू व बैलांनाही लागू झाली. कायद्याचे पालन करणे आपल्यावर बंधनकारक आहे आणि त्याबद्दल दुमत नाही. मात्र त्यामुळे हिश्शाची सोय आक्रसली आणि अनेक खेड्यांत पूर्ण बोकड किंवा काहीच नाही, अशी स्थिती आली. पूर्वी बाप हिस्सा घेत होता आणि आज मुलगा घेऊ शकत नाही, तर त्याचे ईमान कमी झाले, असा अर्थ कोणी काढू नये.

बोकडाशिवाय काय उरते?

आपण या सणाला बोलीभाषेत 'बकरी ईद' म्हणतो. त्या नावामुळे मुलांच्या मनात पक्के बसते, की बकरा नाही तर ईद नाही. आई-वडिलांनी ही समजूत दूर केली पाहिजे, कारण या दिवसांतील बहुतेक इबादतींना एक पैसाही लागत नाही.

जिलहिज्जच्या पहिल्या दहा दिवसांतील सत्कृत्ये अल्लाहला अत्यंत प्रिय आहेत, असे बुखारीत आहे. नऊ तारखेचा, अरफाचा रोजा मागच्या आणि पुढच्या वर्षाच्या गुनाहांचा कफ्फारा ठरतो, अशी आशा प्रेषितांनी (स.) दिली आहे. नऊच्या फजरपासून तेराच्या असरपर्यंत तेवीस फर्ज नमाजांनंतर तकबीरे-तश्रीक म्हणायची असते. ती साहिबे-निसाबही म्हणतो आणि मजूरही. ईदेच्या दिवशी स्नान करावे, असलेल्यांपैकी चांगले कपडे घालावेत, नव्यांची अट नाही. एका वाटेने ईदगाहला जावे, दुसऱ्या वाटेने यावे. हे सर्व त्या पत्र्याच्या घराला पूर्णपणे साध्य आहे. मुलांना घेऊन बसावे आणि हजरत इब्राहीम (अ.) व हजरत इस्माईल (अ.) यांची हकीकत सांगावी. अल्लाहला मांस वा रक्त पोहोचत नाही, त्याच्यापर्यंत आपला तक्वा पोहोचतो, हा सूरह हजच्या ३७ व्या आयतीचा आशय मुलाला समजेल अशा शब्दांत सांगावा. बोकड का विकला, हेही लपवू नये. "दादीच्या औषधासाठी विकला, आणि अल्लाहला ते ठाऊक आहे," असे बापाने सांगितले, तर तो मुलगा त्या ईदेला कुर्बानीचा जो अर्थ शिकेल, तो तीन बोकडांच्या दारात शिकेलच असे नाही.

ज्याच्या दारात बोकड आहे, त्याच्यासाठी

येथपर्यंतचे बोलणे गरिबाशी होते. आता जे कुर्बानी करणार आहेत, त्यांच्याशी.

सूरह हजच्या २८ व्या आयतीत कुर्बानीचे मांस स्वतः खाण्याबरोबरच विपन्न गरजवंताला खाऊ घालण्याचा हुकूम आहे. ३६ व्या आयतीत दोन प्रकारचे लोक सांगितले आहेत: एक, जो समाधान धरून गप्प बसतो, दुसरा, जो समोर येऊन मागतो. मागणारा आपल्या दारात येतो, त्याला आपण देतोही. गप्प बसणारा मात्र विसरला जातो. सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत अशाच स्वाभिमानी माणसांचे वर्णन आहे. त्यांचा संयम पाहून अजाणत्याला ते सुखवस्तू वाटतात. ते पत्र्याचे घर याच प्रकारात मोडते. त्याने पिशवी घेऊन आपल्या दारात यावे, अशी अपेक्षा ठेवू नका.

एका वर्षी ईदेच्या वेळी वाळवंटातील गरजू लोक मदीनेत आले. तेव्हा प्रेषितांनी (स.) हुकूम दिला, की तीन दिवस पुरेल इतके मांस ठेवा आणि उरलेले दान करा. पुढच्या वर्षी त्यांनी खुलासा केला, की ती मनाई त्या गरजू लोकांमुळे होती. आता खा, साठवा आणि दानही करा. मांस साठवणे जाइज आहे, हे यावरून कळते. परंतु आसपास गरजू असताना साठवणुकीला आवर घातला गेला, हेही त्याच हदीसमधून कळते. आज शहरांत फ्रिज भरून महिनाभर मांस पुरवले जाते आणि तीस-चाळीस किलोमीटरवरच्या वाडीत तीन दिवस चुलीवर डाळच असते. या प्रसंगाच्या प्रकाशात आपण आपला फ्रिज उघडून पाहावा.

काही गोष्टी सहज करता येतील. जमाअतने ईदेच्या आधीच, गाजावाजा न करता, कुर्बानी न करू शकणाऱ्या घरांची नोंद करावी आणि पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या घरी मांस पोहोचवावे. हाडे आणि उरलेले तुकडे न पाठवता, आपण स्वतःसाठी ठेवतो तसेच पाठवावे. देताना छायाचित्र काढू नये. उपकार दाखवून आणि मन दुखवून दान वाया घालवू नका, हा सूरह बकराच्या २६४ व्या आयतीचा इशारा लक्षात ठेवावा. शहरातील ज्या कुटुंबात चार-पाच कुर्बान्या होतात, त्यांनी त्यांतील एक-दोन आपल्या मूळ गावी कराव्यात. आणि शक्य असेल तेथे बोकड थेट पाळणाऱ्याकडून घ्यावा. ज्या बाईने वर्षभर पाला-चारा घालून तो वाढवला, तिच्याशी शेवटच्या शंभर रुपयांसाठी घासाघीस करू नये. आपली कुर्बानी तिच्या घरची वर्षाची कमाई असते.

पुन्हा त्या घराकडे येऊ. ईदेची सकाळ आहे. बाप मुलांना घेऊन तकबीर म्हणत ईदगाहहून परततो आहे. शेळी दारात आहे, सावकाराची वही कोरी आहे आणि आईच्या उशाशी औषध आहे. शरीअतने त्याच्याकडून जे मागितले, ते त्याने पूर्ण केले आहे. आता त्याच्या चुलीवर मांस शिजते की नाही, हा प्रश्न त्याच्या हिशेबातला उरला नाही. तो शेजाऱ्याच्या हिशेबातला आहे.

अल्लाह तआला गरजवंतांना कर्जाच्या आणि लोकलाजेच्या ओझ्यातून मुक्त ठेवो, ऐपतदारांना न मागणाऱ्याचे दार शोधण्याची बुद्धी देवो, आणि आपल्या सर्वांच्या कुर्बान्या व सर्वांचा सब्र कबूल करो. आमीन.